बोलावलेले देव

युरोपातला ऑपेरा आणि आपलं गाऊन मांडलेलं नाट्य यांवर मी प्रबंध लिहीत होतो, तेव्हाची गोष्ट. पिंगळी स्टेशनवर एक म्हातारा गोंधळी भेटला. मी फारच गळ घातली, म्हणून त्यानं वहाणा काढल्या, तुणतुणं कपाळाला लावलं आणि एकेका देवाचं नाव घेऊन त्याला गोंधळाला बोलावलं.

मला तेवढंच हवं होतं. मी टेप बंद केला. “बस, झालं माझं काम.”

तो दचकला. “आसं कसं सायेब? देव येऊन बसलेत. आरती न करता त्यायला उठवू कसं?”

तेवढ्यात गाडी आली आणि मी चढलो. खिडकीतून पाहिलं, तर रिकाम्या फलाटावर तो डोळे मिटून गातच होता.

प्रबंधात मी तळटीप दिली: ‘गायकाने गाणे अर्धवट सोडले.’