कोलशेतच्या बागेतली कोळी-माकडं

कोलशेतला खाडीकाठी एका शेटजींची बाग होती. बागेत मोर, हरणं, एक म्हातारा बिबट्या, असे प्राणी पिंजऱ्यांत ठेवलेले. माझा नवरा त्यांची देखभाल करी आणि मी खाणं तयार करी. आम्ही ख्रिस्ती, मूळचे शेतकरी, पण खाऱ्या पाण्याने शेत गेलं तेव्हा या कामाला लागलो.

एका जहाजावरच्या कप्तानाने शेटजींना अमेरिकेतली एक माकडीण दिली. काळीभोर, हातपाय काटकुळे, हाताला अंगठाच नाही, आणि शेपूट असं की गजाला गुंडाळून ती उलटी लोंबकळे. साहेब लोक त्या जातीला कोळी-माकड म्हणतात, असं शेटजींनी सांगितलं. किड्यातल्या कोळ्यावरून. पण गावातले कोळी चिडले. एक म्हातारी मला म्हणाली, "आमचा नाव माकडाला कोनी दिला गो?"

ती आली तेव्हा गाभण होती. बागेतच व्याली. पिल्लू तिच्या पोटाला चिकटून असे. मी केळं धरलं की ती शेपटीनेच ते ओढून घेई, आणि पिल्लू माझ्याकडे टकामका बघे.

पुढे शेटजींनी नर मागवला. तो तांबूस निघाला, तिच्याहून दांडगा. दुसऱ्याच जातीचा असावा. तरी माकडं ती माकडं, जुळेल त्यांचं, असंच आम्हां सगळ्यांना वाटलं. सकाळी माझ्या नवऱ्याने दोघांच्या पिंजऱ्यांमधलं दार उघडलं.

नर थोडा वेळ गजाजवळ बसून राहिला. मग एकाच झेपेत तिच्यावर गेला. तिने पिल्लाला दोन्ही हातांनी कवटाळलं. त्याने तिच्या खांद्याचा लचका तोडला, पिल्लाचा पाय धरून ते ओढून काढलं आणि फरशीवर आपटलं. पुन्हा आपटलं. मग त्याच्या डोक्यात दात रोवले. तिची किंकाळी एखाद्या बाईसारखी होती.

"आत जाऊ नका!" मी ओरडले.

नवरा काठी घेऊन आत शिरलाच. नराने काठीवरून उडी घेतली, शेपटीचा फास नवऱ्याच्या मानेला घातला आणि त्याचा उजवा पंजा तोंडात धरला. हाडं मोडल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. नवऱ्याचा चेहरा निळा पडत चालला.

नारळ फोडायचा कोयता माझ्या हातातच होता. मी आत गेले आणि शेपटीवर घाव घातला. शेपूट तुटून खाली वळवळत राहिलं. नर माझ्याकडे वळला, तोच माकडीण मागून त्याच्या मानेवर पडली आणि चावत सुटली. मी पुन्हा मारलं. तो हलायचा थांबला तरी ती सोडीना. माझं लुगडं पार रक्ताने भिजलं होतं.

शेटजी धावत आले. "कुणी मारलं ह्याला?"

"मी," मी म्हटलं. "आधी गाडी जुंपायला सांगा. माणूस मरतोय."

ते स्वतःच गाडीवानाला हाका मारत गेले.

ठाण्याच्या डॉक्टरांनी नवऱ्याची दोन बोटं काढली. जीव वाचला.

माकडीण मेलेलं पिल्लू खाली ठेवीना. वास सुटला, माश्या घोंगावू लागल्या, तरी ती ते छातीशी धरून बसे. मी घ्यायला गेले तर माझ्या मनगटाला चावली. शेवटी गड्यांनी जाळं टाकून ते हिसकावून घेतलं. त्या दिवसापासून ती स्वतःचेच हात चावू लागली, पार हाड दिसेपर्यंत. शेटजींनी तिला मुंबईतल्या एका बागेत धाडायचं ठरवलं, पण गाडी यायच्या आतच ती मेली.

आम्ही ते काम सोडलं. नवरा मिठागरावर जाऊ लागला. तो मूळचा शांत माणूस. पण एकदा शेजाऱ्याचा कुत्रा आमच्या पोरीवर नुसता भुंकला, तर त्याने फावड्याने त्याला ठेचून मारलं. मेल्यावरही मारतच होता. मी पाठीमागून मिठी घातली.

"पुरे," म्हटलं. "मेलाय तो."

त्याने फावडं टाकलं आणि तिथेच मातीत बसून ओक्साबोक्शी रडला. मग मी शेजाऱ्याकडे जाऊन त्याच्या पाया पडले.