मालीशवाले काका गप्प राहिले
शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्यांच्या माना चोळण्यात मालीशवाल्या काकांची तीस वर्षं गेली. भरधाव वळणावर डोकं पाचपट जड होतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. त्या दुपारी त्यांच्या लाडक्या चालकाची, भिंगरी नावाच्या पोराची, मान लाकडासारखी ताठली होती.

"आज गाडीत बसू नकोस, बाळा."

"काका, डॉक्टरांना कळलं तर शर्यत गेली. गप्प राहा ना!"

काकांनी तोंडाला कुलूप घातलं. विसाव्या फेरीत भिंगरीला डोकं पेलवेना, मान कलली आणि गाडी भिंतीवर आदळली. जीव वाचला, पण मान कायमची आखडली.

भिंगरी काकांना कधीच बोल लावत नाही. भेटला की अख्खं अंग त्यांच्याकडे वळवून हसतो, आणि काकांना तिथं उभं राहवत नाही.