कपाशीकडे तोंड करून

भाड्याची मोटरहोम घेऊन आम्ही दोघं जिल्ह्याचा ईशान्य कोपरा पाहायला निघालो होतो. राळेगावच्या पुढे मी ती शेतांमधल्या कच्च्या पांदणीत घातली, कारण मोबाईल तसं म्हणाला आणि बायको नको म्हणाली. चाक रुतलं. दिवस मावळत होता. मी खाली बसून माती उकरू लागलो.

"उभे राहा भाऊ," कपाशीतून बाहेर येत एक म्हातारा म्हणाला. "बसलेला माणूस वाघाले माणूस नाही वाटत."

बोहल्यावरही मी इतक्या चपळाईनं उभा राहिलो नव्हतो. पण बसल्याशिवाय चाक निघेना. मग तो माझ्याकडे पाठ आणि कपाशीकडे तोंड करून उभा राहिला, काठीनं हातातला पत्र्याचा डबा वाजवत मोठमोठ्यानं घरच्या गोष्टी सांगू लागला. सून माहेरी गेली, बैल लंगडून राह्यला, नातीले दात आले. मध्येच आवाज उतरवून म्हणाला, "हात चालवा भाऊ. मलेही भेव लागते."

गाडी निघाली. त्याला पलीकडच्या वावरात जागलीला, रात्रभर पीक राखायला जायचं होतं. तसाच एकटा बोलत तो कपाशीत शिरला.

थोडं पुढे गेल्यावर बायको म्हणाली, "इंजिन बंद करा. त्यांचा आवाज येतोय का, ऐकू दे."