तांडेलाची जीभ

दामू, लग्न होऊन मी आपलं दांडा गाव सोडलं त्या सकाळी तू होडीवर होतास, म्हणून तुला हे ठाऊक नाही. टॅक्सीत ट्रंक चढली, आई पदराआड रडायला लागली, आणि बाबा मध्येच पाठ फिरवून किनाऱ्याकडे चालू लागले. मला वाटलं, रागावले. परत आले ते ओंजळीत पाणी घेऊन. "चाखून बघ गो पोरी. यो आपला दर्या. मुलुंडला नलाचं पानी गवसंल." शेजारी नवा नवरा बसलेला. मी लाजेने कशीबशी जीभ लावली आणि टॅक्सी वळल्याबरोबर रुमालाने तोंड पुसलं.

आपले बाबा तांडेल. होडी कधी काढायची, किती लांब न्यायची, सगळं त्यांच्या शब्दावर. पावसात नद्यांचं गोडं पाणी दर्यात उतरलं की वरचं पाणी मचूळ होतं. नारळी पौर्णिमा जवळ आली की बाबा रोज बोट बुडवून ते चाखायचे. मीठ कसं परत येतंय त्यावरून मावरं कुठे असेल, जाळी कुठे टाकायची ते सांगायचे. मी बीएस्सी झाले तेव्हा मला हे अडाणीपणाचं वाटायचं. वाटायचंच, खोटं कशाला बोलू?

आणि नोकरी कसली लागली, तर प्रयोगशाळेत समुद्राच्या पाण्यातलं मीठ मोजायची! लांबच्या समुद्रातून सीलबंद बाटल्या यायच्या, प्रत्येकीवर तिथल्या पाण्याच्या तापमानाची चिठ्ठी. मी थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडायचे, पिवळ्या पाण्याला विटकरी रंग चढला की आकडा लिहायचा. त्या औषधाने बोटं काळी पडायची. बिल्डिंगमध्ये बायका विचारायच्या, "ताई, मेंदी काळी लावता का हो?" बोंबील तळले की मात्र त्याच बायका धाडधाड खिडक्या लावून घ्यायच्या. पुढे मी तळणंच सोडलं.

मग बहात्तर साल आलं. श्रावण लागला तरी पाऊस नाही. बाबांनी पाणी चाखलं आणि गावात सांगितलं, "पानी चैतासारखं खारट हाय. यंदा जवल मावरं नाय. लांब जायची तयारी करा." सगळे हसले. तांडेल म्हातारा झाला, जीभ गेली म्हणाले. तेव्हा बाबाच बोलले, "माज्या हिराला इचारा. ती मशीनवर मोजते." तूच ते पाणी सोड्याच्या बाटलीत भरून मला आणून दिलंस, आठवतं? बूच आईने चुलीपाशी मेण वितळवून बसवलं होतं.

मी तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा आकडा चढाच. साहेबांना दाखवला तर म्हणाले, "सोड्याच्या बाटलीतलं पाणी! वाटेत वाफ होऊन उडालं असेल. फेकून द्या." मेण शाबूत होतं, माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण मी टेंपरवारी होते रे, वर्षभर कायम होण्याची वाट बघत होते. रविवारी दांड्याला येऊन सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाबा, नमुना बरोबर नव्हता. तुम्ही म्हणता तसं काही नाही." बाबांनी मान हलवली. त्या पौर्णिमेला दर्याला वाहायचा नारळ दुसऱ्याच्या हातात दिला, आणि तांडेलकीही. नंतर हंगामभर जवळच्या पाण्यात जाळी रिकामी निघाली. कुणी येऊन "तुमचंच खरं होतं" म्हणालं का? छे!

मी कायम झाले.

चारेक वर्षांनी साहेब परदेशी लेख घेऊन आले. पार तिकडे, पॅसिफिकमध्ये, काही काही वर्षांनी पाणी तापतं. त्यातल्या काही साली आपला पाऊस आटतो. बहात्तरही तसंच होतं. पाऊस नाही, नद्यांना पूर नाही, म्हणून किनाऱ्याच्या पाण्यात मीठ तसंच राहिलं. "अहो, ती दांड्याची बाटली! आकडे आहेत का?" होते. मी वही दिली. साहेबांनी तक्त्यात लिहिलं: नमुना, स्थानिक मच्छीमाराकडून. बाबांचं नाव सांगितलं तर म्हणाले, "नावाची काही आवश्यकता नाही."

त्याच आठवड्यात रविवारी दांड्याला आले होते मी. तू म्हणालास, एवढी घाई कसली? बाबा ओट्यावर जाळं विणत होते. सगळं सांगितलं, पाया पडले, रडले. मग किनाऱ्यावरून वाटीभर पाणी आणून पुढे धरलं. म्हटलं, बाबा, चाखा ना, सांगा ना कसंय. त्यांनी वाटी हातात घेतली, बघितली, आणि माझ्याच हातात परत दिली.

"तूच सांग गो. लोकं तुजंच आयकतान."

आता बाबा नाहीत, आणि तू पत्रात विचारतोस, घरी कधी येतेस. येते रे मी. तुला न सांगता येते, किनाऱ्यावर उतरते, काळं बोट पाण्यात बुडवते आणि जिभेला लावते. खारट लागतं. त्यापुढचं काही कळत नाही. मग तशीच मुलुंडला परत जाते.