हात वर

पूनमसिंगकाकांच्या मैदानावर पंच कधीच नव्हता. दारव्ह्याजवळच्या तांड्यात शेती सांभाळून ते पोरींना कबड्डी शिकवत. नियम एकच: चढाईला आलेल्या मुलीचा हात जिला लागला, तिनेच हात वर करून बाहेर जायचं. “अंग तुमचं, मग दुसऱ्याले काहून विचारता?” असं ते म्हणत.

मोबाइलवरच्या एआयचा त्यांना राग नव्हता. त्यांच्या पोरींपैकी ममताचा गुडघा सारखा दुखायचा. काकांच्या भाच्याने तिच्या खेळाचं चित्रण एका ॲपला दाखवलं, तेव्हा उडीनंतर टेकताना तिचा डावा पाय आत वळतो हे कळलं. काकांना ते कधी दिसलंच नव्हतं. पाय सुधारला, दुखणं गेलं.

“आपल्यापेक्षा याचे डोळे चांगले,” काका म्हणाले.

“मग चष्मा कायले घेता? थे यंत्रच लावा नाकावर!” त्यांची बायको मानीबाई म्हणाली.

यवतमाळला विभागीय संघाची निवड होती. मैदानाभोवती कॅमेरे, आणि गुण यंत्रच देत होतं. शेवटच्या वेळी समोरच्या संघातून चढाईला आलेल्या मुलीची बोटं ममताच्या पाठीवर, सदऱ्याला चाटून गेली. कॅमेऱ्याच्या मध्ये दोघी आडव्या आल्या होत्या. पडद्यावर उमटलं: स्पर्श नाही.

ममताने काकांकडे पाहिलं. काकांच्या मनात आलं, राहू दे पोरी, थांब तिथंच. आणि तो विचार तिला दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली.

ममता हात वर करून बाहेर गेली.

“अगं, यंत्र नाही म्हणतंय ना!” निवड करणारे साहेब चिडले.

“लागला, सर.”

यंत्राने तिच्या नावापुढे ‘विनाकारण मैदान सोडले’ असं मांडून गुण कापले. संघात तिचं नाव आलं नाही.

परतताना ती जीपमध्ये काकांशेजारी बसली. मग म्हणाली, “काका, तुम्ही खाली काहून पाह्यलं?”

“मले वाटलं, तू थांबावं.”

“मग लहानपणापासून मले कायले बाहेर काढत होते?”

जीप भरलेली होती, तरी दोघांमध्ये जागा पडल्यासारखी वाटली.

दुसऱ्या सकाळी काका फक्कीने रेषा आखत होते. ममता येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. मागून तिचाच आवाज आला.

“रेघ वाकडी चालली, काका.”

काकांनी वळून पाहिलं. खरंच वाकडी होती. त्यांनी हात वर केला, मैदानाबाहेर पाऊल टाकलं, आणि फक्कीचं घमेलं तिच्याकडे सरकवलं.