आपोआप येणारी माया

माझी वहिनी सीमंतिनी, अंबरीशदादाची बायको, कॉलेजात फिजिक्स शिकवते. लग्नानंतर अकरा वर्षं ती "अजून नाही" म्हणत राहिली आणि अकरा वर्षं आम्ही तिचं डोकं खाल्लं. आधी पीएचडी, मग कायमची नोकरी, मग सिटी सेंटरचा फ्लॅट. तिची कारणं खरी होती, पण हिंदी मुलखातल्या हरिशंकरपुरमच्या आमच्या मराठी घरात कारणं ऐकतो कोण! सगळ्यांत पुढे मी, तिची नणंद मंजिरी. "बाळ हातात आलं की माया आपोआप येते," हे मी तिला इतक्यांदा ऐकवलं की आता आठवलं तरी स्वतःचाच राग येतो.

एकेचाळिसाव्या वर्षी मुलगी झाली. वहिनी वेळेवर पाजायची, लंगोट बदलायची आणि उरलेला वेळ भिंतीकडे बघत बसायची. "झोप होत नाही तिची," म्हणून आम्ही मोकळे! डॉक्टरांना विचारावं, हे कुणाला सुचेल तर शपथ.

सव्वा महिन्यानं बारसं केलं. पाळण्याच्या खालून-वरून बाळ देता-घेता सुलोचनामावशींना राहवलं नाही. "काय गं, आता समजलं न, ममता काय असते?"

"नाही समजलं," वहिनी म्हणाली. "मावशी, मला काहीच वाटत नाही. रोज उठून बघते, आज तरी वाटतंय का. माझ्यातच काही कमी आहे बहुतेक."

शेजारच्या शिखाची ढोलकी थांबली. मावशींनी बाळ पाळण्यात ठेवलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

माझी आई, वनमालाबाई, घुगऱ्या वाटत होती. हात न थांबवता म्हणाली, "मलाही अंबरीशचं काही वाटत नव्हतं. दीड वर्षाचा असताना त्याला गोवर निघाला, तेव्हा पहिल्यांदा त्याच्यासाठी जीव तुटला. तोवर नुसतं करत होते."

अंबरीशदादा पेढ्यांचं ताट घेऊन दारातच उभा. "आई, हे तू मला आज सांगतेस? चवालीस साल बाद?"

"विचारलं होतं कधी कुणी?" आई उसळली. "सगळ्या म्हणायच्या आपोआप येते, तर मीपण म्हणत राहिले. मंजिरीलाही मीच शिकवलं."

"आणि माझ्या वेळी?" मी विचारलं.

"तू दुसरी. तोवर सवय झाली होती."

वहिनी हसली. सव्वा महिन्यात पहिल्यांदाच. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, मग हसू राहिलंच नाही, ती नुसती रडत होती. आईनं पातेलं खाली ठेवलं आणि तिला जवळ घेतलं. "उद्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊ. मी येते संग. मला कुणी नेलं नव्हतं."

तेवढ्यात पाळण्यात पोरीनं भोकाड पसरलं. "आले गं बाई, आले! जीव नको खाऊ," वहिनी नाक पुसत वैतागली आणि उठली.

"बघा," आई म्हणाली, "मीपण अश्शीच उठायचे."