बाहेर आल्यावर प्रश्न सांगायचा

मुलाखतींचे किस्से आपण जमवत नाही, ते आपोआप साचतात. फाइलमध्ये झेरॉक्सचे जादा सेट साचतात ना, तसे. नोकरी लागल्यावर झेरॉक्स रद्दीत गेल्या. किस्से मात्र घरीच राहिले, आणि चार माणसं जमली की माझ्या तोंडून निघतातच. शेवटचा सोडून. तो मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. आज सांगून टाकतो.

आम्ही तिघं. दर्यापूरकडचे गजाननभाऊ, अकोल्याची माधुरी आणि अमरावतीचा मी. तिघंही समाजशास्त्राचे, तिघंही नेट-सेट, पीएचडी करून बसलेले. बसलेले म्हणजे खरोखरच बसलेले, बाकावर! वऱ्हाडात कुठंही समाजशास्त्राची जाहिरात निघाली की मुलाखतीच्या खोलीबाहेर हीच तीन तोंडं. ओळख तिथलीच, मैत्रीही तिथलीच.

आता अडचण अशी, की आमच्या विषयाची जागा निघाली तर एकच निघते. म्हणजे एकाचं भलं झालं की दोघांचं वाईट होणार, हे ठरलेलं. तरी गजाननभाऊंनी पहिल्याच वर्षी दोन नियम घालून दिले. एक, आतून बाहेर येणाऱ्यानं आत काय विचारलं ते पुढच्याला खरं सांगायचं. दोन, ज्याला पक्की नोकरी लागेल त्यानं चहा पाजायचा. तोवर ज्याचा त्याचा चहा.

सात वर्षं आम्ही ज्याचा त्याचाच प्यायलो.

*

पहिल्या नियमाचा पहिला फायदा मलाच झाला.

मूर्तिजापूरला तासिका तत्त्वावरची जागा होती. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच मानधन, आणि दर जूनमध्ये त्याच खुर्चीसाठी नव्यानं मुलाखत. गजाननभाऊ आधी आत गेले. बाहेर आले ते घाम पुसत.

"गड्या, गावातला भाऊबंदकीचा वाद इचारून रायले. पुस्तकातलं सांगू नको. तुह्या गावातलं सांग."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्या पुस्तकातलं सांगतलं ना! म्हनून तर तुले सांगून रायलो!"

मी आत गेलो, आमच्या चुलत्यांचा बांधाचा वाद रंगवून सांगितला. जागा मला मिळाली. भाऊंनी पाठीवर अशी थाप मारली की फाइल खाली पडली. मी म्हटलं, चला, चहा. तर म्हणाले, "ही पक्की कुठं हाये? पक्कीचा पाज."

*

दर्यापूरकडच्या एका कॉलेजात संस्थेचे अध्यक्ष स्वतः मुलाखतीला बसले होते. नाव कशाला घ्या! त्यांनी भाऊंना विचारलं, "समाज म्हणजे काय?"

भाऊ म्हणाले, "बाहेर बाकावर बसले ते आमी. आत खुर्चीवर बसले ते तुमी. अन् मंधातलं दार कवा उघडते, याची दोघाइले फिकीर. झाला समाज."

अध्यक्षांनी तज्ज्ञांकडं पाहिलं. "हे पुस्तकात आहे का?"

तज्ज्ञ काही बोलायच्या आत भाऊच म्हणाले, "नाई जी. बाकावर हाये."

जागा दुसऱ्याच कुणाला तरी गेली. पण त्यानंतर वर्षभर आम्ही एकमेकांना फोन केला की आधी विचारायचो, "समाज म्हणजे काय?"

*

अकोल्याला माधुरीला विचारलं, "मिस्टर काय करतात?"

ती म्हणाली, "वाट पाहतात. खाली गाडीवर मुलीला घेऊन बसले आहेत. दोन तास झाले."

बाहेर येऊन तिनं नियमाप्रमाणं सांगितलं, "भाऊ, घरच्यांबद्दल विचारतात." भाऊ बिचारे बाकावर डोळे मिटून तयारीला लागले. आत गेले, पंधरा मिनिटांनी पडल्या चेहऱ्यानं परत आले.

"काय झालं भाऊ?"

"बायको काय करते, हे इचारलंच नाई! पाठ करून गेलो होतो ना म्या!"

आम्ही जिन्यावर बसून हसलो. पण हसता हसता भाऊ एकदम म्हणाले, "ते बरंच झालं. इचारलं असतं तर खरं सांगा लागलं असतं. कमल म्हनते, अजून एकच फाइल. त्यानंतर फाइल पेटीत अन् तुमी वावरात, बैलामांगं. कायमचे."

त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्या फाइलकडं नीट पाहिलं. कोपरे झिजून पांढरे पडले होते.

*

तिथंच एकदा बाहेरगावचा एक नवा उमेदवार आला होता. कडक इस्त्री, चकचकीत बूट. तो बाहेर आला तेव्हा माधुरीनं विचारलं, "काय विचारलं सर?"

"काही नाही हो, नेहमीचंच!"

माधुरी आत गेली आणि अडकली. आत एका नव्या अहवालावरच प्रश्न चालले होते. त्याला वीस मिनिटं तेच विचारलं होतं, असं तज्ज्ञच म्हणाले!

ती डोळे पुसत बाहेर आली. भाऊंना राग आलेला मी तेव्हाच पाहिला. "मुलाखत कोनाचीबी वाईट जाते. पन मानसानं मानसाले असं फसवा काहून?"

तेव्हापासून 'नेहमीचंच' ही आमच्यातली शिवी झाली. कुणी गाडीत रुमाल टाकून जागा बळकावली की माधुरी पुटपुटायची, "हा नेहमीचंचवाला दिसतो." ज्याचं नाव घ्यायची लाज वाटावी, त्याला आम्ही 'नेहमीचंचवाला' म्हणायचो.

*

मग विद्यापीठाची जागा निघाली. पक्की. आणि अर्थातच एक.

भाऊंची हीच शेवटची फाइल. सकाळी आले ते नवा शर्ट घालून. म्हणाले, "कमलनं घेतला. म्हने, वावरात घालता येईल असाच घेतला."

आम्ही हसलो, पण कुणालाच धड हसू आलं नाही. खोलीच्या दाराला काच होती. आतली माणसं आम्हाला दिसत होती, आणि आम्ही त्यांना.

माधुरी आधी गेली. आली, नियमाप्रमाणं सगळं सांगितलं. मग मी गेलो.

मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या एक तज्ज्ञ बाई होत्या. माधुरीला विचारलेलं काहीच न विचारता त्यांनी एकच नवा प्रश्न विचारला. "पटावर साठ मुलं आहेत, वर्गात चार बसतात. बाकीची कुठं असतात?"

मी सामाजिक घटक सांगितले, आर्थिक घटक सांगितले. बाईंनी पेन खाली ठेवलं. "यात मुलं कुठं आहेत?" मी परत घटकच सांगितले.

बाहेर येता येता मला गजाननभाऊ आठवले. दिवाळीच्या आधी तासिकेवरचा त्याचा वर्ग रिकामा पडला की हा माणूस मोटरसायकल काढून गावोगाव जायचा. कोण सोयाबीन काढायला गेला, कोण कापसाच्या जिनिंगवर, कुणाचं लग्न ठरलं, कोण आजारी आईजवळ, सगळं नावानिशी त्याला ठाऊक. या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या वऱ्हाडात त्याच्याकडंच होतं. त्याला दोन मिनिटं आधी कळलं असतं तर त्यानं साठही मुलं त्या खोलीत आणून उभी केली असती.

भाऊ उठून उभे राहिले. "काय इचारलं गड्या?"

मी म्हटलं, "नेहमीचंच."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं, मी कोणता शब्द वापरला ते. माधुरी तेव्हा पाणी प्यायला गेली होती. भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. शर्टाची कॉलर नीट केली आणि आत गेले.

काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. एकदा तज्ज्ञ बाईंनी दाराकडं हात केला. भाऊंनी मान हलवली.

ते बाहेर आले. माधुरीनं विचारलं, "काय विचारलं भाऊ?"

"बाई म्हने, तुमी लोक बाहेर एकमेकाइले प्रश्न सांगता, आमाले काचेतून दिसते. आधीच्यानं सांगतलाच असंल. सांगतला का?"

"मग?"

"म्या म्हटलं, हो, सांगतला. आमच्यात सांगतेतच."

माझी मान वर होईना.

"तर बाई म्हने, मंग म्या परत इचारत नाई. द्या उत्तर."

"आणि तुम्ही काय दिलं?"

"समाज म्हणजे काय, ते सांगून आलो. दर्यापूरवालंच."

माधुरीनं गोंधळून माझ्याकडं पाहिलं. "हा प्रश्न होता?"

मी तोंड उघडलं, पण त्याआधी भाऊच म्हणाले, "हो, हाच होता."

मग त्यांनी फाइल काखेत घेतली. निकाल लागायला अजून तीन आठवडे होते. सात वर्षं हा माणूस मला गड्या म्हणत आला होता.

"चाला माधुरीताई," ते म्हणाले. "आज चहा सरांकडं हाये."